नकाशावर क्लिक केलं म्हणजे भूगोल आला का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी वेब डेव्हलपर आहे, तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ब्राउझरमध्येच चालेल असं भूगोलाचं सॉफ्टवेअर करतोय. जगाचा नकाशा टाकलाय, वर देशाचं नाव येतं, मुलांनी त्या देशावर क्लिक करायचं, बरोबर आलं तर हिरवं आणि चुकलं तर लाल. माझी बायको शिक्षिका आहे, तिच्या वर्गात दाखवलं तर पहिली दहा मिनिटं मुलं एकदम खूश, मग हिरवं होईपर्यंत वाट्टेल तिथे क्लिक करत सुटली. त्यात एका मुलीनं विचारलं की ग्रीनलंड खरंच आफ्रिकेएवढा आहे का, तर मला धड सांगता आलं नाही. शाळेतले कम्प्युटर जुने आहेत, नेट येतं-जातं. काय बदलू?

उत्तर : आधी त्या मुलीचं बघू, कारण तिनं नेमकं बोट ठेवलंय. ग्रीनलंड साधारण २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि आफ्रिका ३ कोटीच्या वर, म्हणजे जवळजवळ १४ पट, पण तुमच्या स्क्रीनवर दोन्ही बरोबरीचे दिसतात कारण वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. मर्केटर या नकाशाकारानं १५६९ मध्ये केलेला हा नकाशा खलाशांच्या कामाचा होता, होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं की ती वाट सरळ रेघेत येते, पण त्यापायी ध्रुवांकडे जावं तसं सगळं फुगत जातं. हे मुलांना वाक्यात सांगू नका. त्यांना ग्रीनलंड बोटानं धरून विषुववृत्तापर्यंत ओढत आणू द्या आणि ओढताना तो आकसत गेला पाहिजे, एकदा स्वतःच्या हातानं हे केलेलं मूल ते विसरत नाही. बाकी रोजच्या जगाच्या नकाशासाठी २०१८ मध्ये आलेलं इक्वल अर्थ प्रोजेक्शन (प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) घ्या, त्यात क्षेत्रफळांचं प्रमाण बरोबर राहतं आणि डी-थ्री या आलेख-नकाशे काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत ते तयार मिळतं.

आता मुलं वाट्टेल तिथे क्लिक का करतात? कारण लाल रंग त्यांना काहीच सांगत नाही हो. इजिप्त विचारलं आणि मुलानं चाडवर क्लिक केलं, तर "हा चाड, इजिप्त इथून ईशान्येला" असं लिहून येऊ दे आणि चाडपासून ईशान्येकडे एक बाण निघू दे, पुढचा क्लिक आपोआप विचार करून पडतो. शिवाय कोणतं मूल कशाच्या जागी काय दाबतंय ते साठवा (नाव-गाव काही न विचारता, त्याच ब्राउझरमध्ये), नायजर आणि नायजेरिया किंवा ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया अशा जोड्या लगेच दिसतील, आणि बाईंना नुसत्या मार्कांपेक्षा याचा उपयोग जास्त. लाल-हिरवा फरक न दिसणारी मुलंही वर्गात असू शकतात, म्हणून रंगाबरोबर खूण द्याच.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की तुम्ही जगापासून सुरुवात केलीत. आठ वर्षांच्या मुलाला कप वरून कसा दिसतो ते काढ म्हणा, बरीच मुलं कान असलेला, बाजूनं दिसणारा कपच काढतात, वर्तुळ काढत नाहीत, आणि नकाशा म्हणजे तर सगळंच वरून बघणं. म्हणून तुमचा पहिला स्क्रीन वर्गाचाच करा, बाक, टेबल, फळा, आणि खाली एक स्लायडर. स्लायडर सरकवला की कॅमेरा हळूहळू वर जातो, बाकाचे पाय दिसेनासे होतात, नुसता चौकोन उरतो, फळ्याची एक रेघ होते. मग तो कोरा चौकोन मुलांना द्या आणि आपला बाक कुठे ते ठेवायला सांगा. दुसरं म्हणजे उत्तर दिशा. भिंतीवरच्या नकाशामुळे "उत्तर म्हणजे वर" इतकं पक्कं बसतं की उत्तर दाखव म्हटलं की काही मुलं छताकडे बोट करतात, त्यामुळे नकाशा फिरवायचं बटण ठेवा आणि बाण त्याच्याबरोबर फिरू दे. गाव, जिल्हा, राज्य, देश, खंड हे एकाच्या पोटात एक असतात हे त्यानंतर झूम आउट करत दाखवता येतं. जगाचा नकाशा एकदम शेवटी आला तरी काही बिघडत नाही.

जुन्या कम्प्युटरचं म्हणाल तर चित्रांच्या टाइल्स, म्हणजे नकाशाचे नेटवरून येणारे चौकोनी तुकडे, वापरूच नका. झूम शून्यला सगळं जग एका टाइलमध्ये मावतं, पण दर पायरीला टाइल्स चौपट होतात, दहाव्या पायरीला साडेदहा लाखांच्या जवळ जातात, नेट गेलं की मुलांपुढे करडे चौकोन. त्याऐवजी नॅचरल अर्थचा फुकट नकाशा-डेटा घ्या, १:११ कोटी स्केलवरचे सगळे देश टोपोजेसन या आटोपशीर फाइल-प्रकारात शंभर-एक केबीत बसतात, सर्व्हिस वर्कर (पान ब्राउझरमध्येच साठवून ठेवणारी स्क्रिप्ट) लावला की एकदा उघडल्यावर नेट नसलं तरी चालतं. त्या स्केलला सिंगापूर, मालदीव असे छोटे देश नसतातच, ते बोटानं दाबता येतील एवढे ठिपके करून वेगळे टाका. आणि सीमा मात्र तपासा, त्या डेटात मुळात प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे आखलेल्या असतात, शाळेला आपल्या देशाचा अधिकृत नकाशाच लागतो.

नावं एसव्हीजीत (ब्राउझरचा रेषा-अक्षरांचा चित्रप्रकार) लिहा, वेबजीएल या ग्राफिक्स तंत्रावर चालणाऱ्या काही नकाशा-लायब्ररींमध्ये देवनागरी जोडाक्षरं विस्कटतात, आणि अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. जिओजेसन या नकाशा-फायलीत रेखांश आधी असतो, लीफलेट या नकाशा-लायब्ररीत अक्षांश आधी, यात गडबड झाली तर ती कैरोवर तपासू नका. कैरो ३० उत्तर, ३१ पूर्व, आकडे उलटे पडले तरी ठिपका अलेक्झांड्रियाजवळ इजिप्तमध्येच पडतो आणि सगळं ठीक वाटतं. लंडन टाकून बघा, उलटं झालं असेल तर ते थेट सोमालियाच्या पूर्वेला समुद्रात जाऊन पडेल.

प्रश्न : आमच्याकडे भूगोलाचे जुने फ्लॅशमधले धडे आहेत, फार छान होते, आता उघडतच नाहीत. काही करता येईल का?

उत्तर : फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला, त्यामुळे ब्राउझर ते आता चालवणार नाही. पण फायली टाकून देऊ नका. रफल नावाचा ओपन सोर्स प्लेअर आहे, त्यात फ्लॅशच्या जुन्या अॅक्शनस्क्रिप्ट भाषेतले, म्हणजे आवृत्ती एक आणि दोनचे धडे बरेचदा चांगले चालतात, तीनचं प्रत्येक तपासूनच बघावं लागेल. जे चालणार नाहीत त्यातली चित्रं आणि आवाज तरी काढून घ्या. नदीचा उगम ते मुख असा चांगला काढलेला धडा पुन्हा करायला फार वेळ जातो.