फुंकर, धूम्रपान आणि धुई

राजारामपुरीतल्या एका भाषांतरकार ताईंचा प्रश्न आहे. सिगारेट आणि ई-सिगारेटमधून काय बाहेर पडतं ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांचं माहितीपत्रक त्या मराठीत करताहेत. 'स्मोकिंग मशीन'ला 'धूम्रपान यंत्र', 'व्हेपिंग मशीन'ला 'वाफयंत्र' आणि 'पफ'ला 'फुंकर' चालेल का?

ताई, फुंकर आधी खोडा. हल्ली जिथं तिथं वाचतोय, डोकं उठतं. फुंकर तोंडातून बाहेर जाते. चुलीत घालतात, पोराच्या भाजलेल्या बोटावर घालतात. हे यंत्र ओढतं. आयएसओ ३३०८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोन सेकंदांत ३५ मिलिलिटर, मिनिटाला एकदा. हा झुरका. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या हमालालाही विचारा, तो झुरकाच म्हणेल. 'बिड्या फुंकतो' म्हणतातच की, असं कुणी ऐकवेल. ती हेटाळणी आहे, 'बापाची इस्टेट फुंकली' त्याच जातीची. मिलिलिटरात मोजायच्या गोष्टीला ती लावू नये.

आता धूम्रपान. धूम म्हणजे धूर, आणि धूम्र म्हणजे धुराच्या रंगाचं, करडं. म्हणजे धूम्रपान करणारा काहीतरी करडं पितो! चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात औषधी वर्ती (कांडी) ओढायला सांगितलीय, तिथं शब्द आहे धूमपान. आणि हा 'धूम्र' मराठी माणसाच्या तोंडात कधी रुळलाच नाही, असं माझं ठाम मत आहे. आम्राचा आंबा झाला, ताम्राचं तांबं झालं. त्याच वाटेनं धूम्र आला असता तर 'धुंब' झाला असता. ऐकलाय कुणी धुंब? पोथीतून उचलून पाटीवर चिकटवलेला शब्द आहे हा.

रंकाळ्यावर रोज भेटणारे एक निवृत्त संस्कृत शिक्षक यावर मला गणपतीच्या बारा नावांतला 'धूम्रकेतु' दाखवतात. अहो गुरुजी, तिथं तो ध्वजाचा रंग आहे! करड्या ध्वजाचा तो धूम्रकेतु. ध्वज कुणी पीत नाही. तुम्हीच वर्गात 'पर्वतो वह्निमान् धूमात्' (धूर दिसतो म्हणून डोंगरावर आग आहे) शिकवलंत. तिथं 'धूम्रात्' म्हणणाऱ्या पोराला बाकावर उभं केलं असतंत.

त्या न्यायवाक्यानंच ताईंचा दुसरा प्रश्न सुटतो. जिथं धूर तिथं आग. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही, तापलेल्या तारेवर ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल उडतं. आग नाही, म्हणून धूर नाही. मग वाफ? तीही नाही. यंत्रात झुरक्याच्या वाटेवर काचतंतूंची पांढरी चकती बसवतात, तिचं वजन आधी आणि नंतर करतात. निव्वळ वाफ असती तर चकतीतून आरपार गेली असती. अडकतात ते थंड होऊन जमलेले बारीक थेंब. ई-सिगारेटवरच्या २०१९ च्या बंदीच्या कायद्यातसुद्धा 'एरोसॉल', म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण किंवा थेंब, असंच म्हटलंय. (सिगारेटच्या चकतीवरच्या ऐवजातून पाणी आणि निकोटिन वजा केलं की उरतं ते 'टार'. त्याला डांबर लिहिलंत की वाचकाला रोड रोलर दिसतो.)

हवेत तरंगणाऱ्या बारीक थेंबांना आपल्याकडं शब्द आहे, आणि तो ऐकून मी तर खूश झालो होतो. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्यानं आंब्याकडं बोट करून सांगितलं, "धुई पडली, मोहोर गेला." धुई! संस्कृतात धूमिका म्हणजे धुकं. मधला 'म' झिजला, 'क' गळला, धुई उरली. म्हणजे धूम याच घरातली, पण आगीशी संबंध सुटलेली लेक. ई-सिगारेटमधून निघते ती धुईच. शहरी मंडळी हसतील, हसोत. एरोसॉलसाठी कोशात दिलेला 'वायुविलय' कुठल्या मोहोरावर पडलेला कुणी पाहिलाय?

हां, यंत्राचं नाव राहिलं. प्रयोगशाळेत 'स्मोकिंग मशीन'च म्हणतात, तेच देवनागरीत लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथं 'झुरके ओढणारं यंत्र' असा खुलासा जोडा. व्हेपिंगच्या यंत्राचा झुरका ५५ मिलिलिटरचा, तीन सेकंदांचा, दर तीस सेकंदांनी असतो. ते आकडे सिगारेटच्या रकान्यात जाणार नाहीत एवढं बघा.