वरची भीती वरच ठेव

प्रिय मेजर,

नव्या ऑफिसात तुला या नावानं कुणी हाक मारत नाही म्हणे. मी मारणार.

पत्र दोनदा वाचलं. रात्री गोदामाची सिस्टिम बंद पडली, तू सूत्रं हाती घेतलीस, एकेकाला फैलावर घेतलंस, पहाटे काम झालं आणि आठवड्याभरात दोघांनी राजीनामे ठेवले. वर 'फार फौजी वागतात' असा शेरा. आता विचारतेस, दहा वर्षांत अंगात मुरलेलं फौजीपण उतरवून ठेवू का?

अगं, त्या रात्री तू ते वापरलंस कुठं? आरडाओरडा करणारे अधिकारी आपण दोघांनीही पाहिलेत, आणि त्यांच्यामागं जवान काय बोलतात तेही ऐकलंय. तुझ्या पत्रातलं एकच वाक्य मला खटकलं: 'साहेबांचा फोन दर वीस मिनिटांनी यायचा, मग मीही टीमला दर वीस मिनिटांनी विचारत होते.' सगळं दुखणं तिथंच आहे. वरून आलेली भीती तू जशीच्या तशी खाली पोचवलीस. मग मधे तू हवीसच कशाला? दोन्ही फोन एकमेकांना जोडून दिले असते तरी भागलं असतं.

वरची भीती वरच ठेवायची. त्याचाच पगार मिळतो आपल्याला.

याचा अर्थ माहिती दडवायची असा घेऊ नकोस. तू घेशील, म्हणून आधीच सांगतो. 'साडेपाचला गाड्या सुटल्या नाहीत तर हा ग्राहक जाईल' ही माहिती आहे, ती टीमला मिळालीच पाहिजे. 'माझी नोकरी जाईल, साहेब भडकलेत, तुम्ही काय करताय' ही भीती. आदेश देताना आपण काय सांगायचो ते आठव. परिस्थिती, मोहीम, ती पार कशी पाडायची, रसद, संपर्क. या पाचांत कमांडरला आज कसं वाटतंय याला जागाच नाही. आणि शेवटी 'कोई शक?' तो प्रश्न तू त्या रात्री विचारलास का? पत्रात तरी दिसला नाही. समोरच्यानं आदेश स्वतःच्या शब्दांत परत सांगितला की त्याला काय कळलंय ते तिथल्या तिथं समजतं. त्यानंतर दर वीस मिनिटांनी विचारावं लागत नाही.

वेळेचंही तसंच. हातात असलेल्या वेळेचा एक तृतीयांश आपल्याला, दोन तृतीयांश खालच्यांना, हा नियम कितीतरी सैन्यांत शिकवतात. तुला साडेअकराला कळलं, मुदत साडेपाचची. म्हणजे सहा तास: दोन तुझे, चार त्यांचे. तू तीन वाजेपर्यंत वरच्यांच्या कॉलवर होतीस, तुझं तूच लिहिलंयस. उरलेल्या अडीच तासांत त्यांच्याकडून चार तासांचं काम मागितलंस, मग आवाज चढणारच. त्या कॉलवर 'आता मी चार वाजता बोलेन, तोवर मला सोडा' एवढं म्हणायचं धैर्य हवं होतं. टीमवर ओरडायला कसलं धैर्य लागतं?

तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशॉ, त्यांचा १९७१चा किस्सा तुला तोंडपाठ असेल. एप्रिलमध्ये पंतप्रधानांच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की सैन्य आत्ता तयार नाही: पावसाळा तोंडावर आलाय, तुकड्या विखुरलेल्या आहेत. हवा असेल तर राजीनामा देतो, असंही म्हणाल्याचं ते पुढं सांगत. लोक हा किस्सा बाणेदारपणासाठी ऐकवतात. मला त्यात दुसरंच दिसतं. घाईचं ते दडपण त्यांच्या टेबलावर थांबलं आणि खालच्या शिपायाला डिसेंबरपर्यंत तयारीला वेळ मिळाला. युद्ध मग तेरा दिवसांत संपलं.

हे झालं वरून खाली. खालून वर काय जायला हवं, ते ब्रिटिश जनरल स्लिमकडून शीक. दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या मोहिमेत ते चौदाव्या सैन्याचे सेनापती होते. पुढच्या तुकड्या अर्ध्या रेशनवर आल्या की ते आपलं मुख्यालयही अर्ध्या रेशनवर आणत. त्यानं काही मोठा फरक पडत नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. पण मुख्यालयातल्या तरुण, भुकेल्या अधिकाऱ्यांना पुढचा पुरवठा सुरळीत करायची निकड पोटातूनच कळायची. तुझ्या टीममधला एक मुलगा त्या दिवशी सकाळपासून जागा होता म्हणतेस. हे तुझ्या साहेबांना कळलं? तू कळवलंस?

मला हेकट म्हणतात, ठाऊक आहे. निवृत्तीनंतर एका कारखान्यात होतो. माल वेळेत गेला नाही, तेव्हा संध्याकाळपर्यंत जबाबदार माणसाचं नाव द्या, असा वरून आदेश आला. मी माझं दिलं. करार पुढं वाढवला नाही त्यांनी. घरी अजून ऐकवतात की एक नाव लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं. बिघडलं असतं. विभाग माझा होता, वेळापत्रकावर सही माझी होती. कुठल्या तोंडानं दुसऱ्याचं नाव लिहिणार? सल मात्र आहे. खालच्या पोरांना यातलं काहीच कळलं नाही. साहेब आपल्याला सोडून गेले असंच ती समजून राहिली, आणि मीही सांगायला गेलो नाही. कमांडरनं स्वतःची कैफियत मांडत फिरू नये. आज इथं मांडतोय ती तुझ्यासाठी, असं समज.

विषय भरकटला. झोपेबद्दल एकच ओळ: जागं राहण्यात शौर्य नसतं, पुढच्या वेळी पाळ्या लाव, स्वतःचीही.

मंगळवारी आढावा बैठक आहे म्हणालीस. 'चुकलं कोण' हा प्रश्न तिथं येऊ देऊ नकोस. अमेरिकी सैन्यानं १९७०च्या दशकात सरावानंतरच्या आढाव्याची पद्धत बसवली, तिचे चार प्रश्न पुरेत: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. हुद्दा दाराबाहेर ठेवायचा. सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू दे, तुझा नंबर शेवटी. वीस मिनिटांच्या फोनची गोष्ट मात्र तूच सांग, दुसऱ्या कुणी काढण्याआधी.

राजीनामा दिलेल्या दोघांची नोटीस अजून संपलेली नसेल, तर त्यांनाही बोलाव. परत यावं म्हणून गळ घालू नकोस. त्यांनी त्या रात्री जे पाहिलं ते तुझ्या बाकीच्या टीमनं ऐकायला हवं, आणि ते बोलत असताना तू वहीत लिहून घे, उत्तर देऊ नकोस.

पुढचं पत्र बुधवारी टाक. त्याआधी नको.

तुझा,
सर