न खेळता उपान्त्य फेरीत

प्रश्न : आमच्या परभणीतील बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेत एक संघ दोनदा पुढे चाल मिळून, एकही सामना न खेळता उपान्त्य फेरीत पोहोचला. मोठ्या स्पर्धांत असे कधी घडले आहे काय?

उत्तर : घडले आहे, आणि तेही इंग्लंडच्या एफए कप या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेच्या १८७१-७२ च्या पहिल्याच हंगामात. १५ संघांनी नावे नोंदवली होती. त्यांपैकी ग्लासगोचा क्वीन्स पार्क संघ बाय (फेरीत प्रतिस्पर्धीच नसल्याने मिळणारी पुढे चाल) आणि प्रतिस्पर्ध्याची माघार यांमुळे न खेळताच उपान्त्य फेरीत आला. तेथे वाँडरर्सशी त्याची गोलशून्य बरोबरी झाली. परंतु फेरसामन्यासाठी पुन्हा लंडनला येण्याइतके पैसे नसल्याने या संघाला माघार घ्यावी लागली. प्रवासखर्चाअभावी बाहेरगावचे सामने सोडणाऱ्या आपल्याकडील मुलांना हे दुःख वेगळे सांगायला नको, आणि मला ते आजही बोचते.

१६ मार्च १८७२ रोजी ओव्हल मैदानावर अंतिम सामन्यात वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सला १-० असे हरवले. बदली खेळाडूंची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे इंजिनिअर्सचे लेफ्टनंट क्रेसवेल सुरुवातीलाच हासळीचे हाड मोडूनही अखेरपर्यंत मैदानात राहिले. विजेत्या वाँडरर्सनेही अंतिम फेरीपूर्वी प्रत्यक्ष खेळून जिंकलेला सामना एकच होता.