घामाने बंद पडलेला रेडिओ आणि उरलेले 23 दिवस

अंबाजोगाईच्या एका तरुणाचं पत्र आलंय. पोलीस भरतीची तयारी चालू आहे, पहाटे मुकुंदराजच्या रस्त्याने पळणं असतं. पळताना खिशातला मोबाईल हेलकावे खातो म्हणून लातूरच्या एका दुकानातून 2,850 रुपयांना डोक्यावर घालायचा हेडफोन-रेडिओ घेतला. वायर नाही, मोबाईलही लागत नाही. एका कानाच्या वाटीत रेडिओ, दुसरीत सेल. येत्या दिवाळीला खरेदीला तीन वर्षं होतील. खरेदीनंतरच्या पहिल्याच जुलैत तो बंद पडला, सर्व्हिस सेंटरने दुरुस्त करून दिला. दोन महिन्यांत पुन्हा बंद. या वेळी जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, शेरा पडला: ‘आत ओलावा, वॉरंटी लागू नाही.’ वॉरंटीचा तेव्हा एक महिना शिल्लक होता. त्यानंतर फोन, व्हॉट्सॲप, आणि ‘वरिष्ठांना कळवलंय’ एवढंच उत्तर. आता हा तरुण विचारतो, ‘ताई, आधी वकिलाची नोटीस पाठवून पंधरा दिवस वाट बघू का?’

नाही. एक दिवसही नाही.

तुमच्या जॉबशीटवरची तारीख मी दोनदा मोजली. त्या तारखेपासून दोन वर्षं पुरी व्हायला आज 23 दिवस उरलेत. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमच्या प्रकरणाचा निकाल या एका कलमावर लागणार आहे. रेडिओ चांगला की वाईट, दुकानदार उद्धट की सभ्य, हे सगळं त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली स्टेट बँकेच्या एका प्रकरणात, जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल, स्पष्ट सांगितलंय की ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या ग्राहक आयोगाने आधी मुदत बघायची, मग प्रकरणाच्या आत शिरायचं. समोरच्याने तोंड उघडलं नाही तरी.

नोटीस पाठवल्याने ही मुदत थांबत नाही. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानेही थांबत नाही. आणि ‘बघतो, कळवतो’ असं व्हॉट्सॲपवर आलं म्हणून ती नव्याने सुरू होते, असं समजून बसलेली माणसं मी किती पाहिली! परभणीचे एक निवृत्त शिक्षक असेच आले होते. सकाळी फिरताना लावायचा रेडिओ, सेलच्या पत्र्यांवर घामाचा हिरवा थर चढलेला, चाळीसेक मेसेजच्या प्रिंट काढून आणलेल्या, आणि मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली. मेसेज एकापेक्षा एक चांगले होते. पण मधल्या काळात त्यांनी आयोगाची पायरी चढलेली नव्हती. नोटीस कायद्याने सक्तीची नाही. थेट तक्रार दाखल करता येते. तुम्ही तेच करा.

आता खरी अडचण ऐका. कंपनीचा वकील म्हणेल, रेडिओ पहिल्यांदा बंद पडला जुलैत, मुदत तिथूनच मोजा. तसं मोजलं तर दोन वर्षं केव्हाच उलटली. माझ्या मते हा हिशेब टिकणार नाही. जुलैतली तक्रार त्यांनी दुरुस्ती करून मिटवली होती. तुमचा हक्क नाकारला गेला तो जॉबशीटवर शेरा पडला त्या दिवशी. पण आयोग माझंच ऐकेल अशी हमी मी देणार नाही. म्हणून तक्रारीसोबत कलम 69 च्या पोटकलम 2 खाली विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडून ठेवा. अर्जात लिहा की आमच्या मते तक्रार मुदतीतच आहे. नसेल असं आयोगाला वाटलंच, तर हा उशीर या कारणांनी झाला. प्रत्येक फेरी, प्रत्येक फोन तारखेसह. हा अर्ज नंतर देऊ म्हणाल तर तोही उशिराच ठरेल.

कागदांबद्दल मला तुमच्यावर रागवावं लागेल. बिलाचा फोटो पाठवलात, त्यावर दुकानाचं नाव सोडून काहीच वाचता येत नाही. थर्मल कागदावरची शाई उन्हाने, घामाने उडते, आणि तुम्ही ते पाकिटात घडी घालून तीन वर्षं खिशात फिरवलंत. बिल हातात पडल्या दिवशी झेरॉक्स काढली असती तर पाच रुपयांत भागलं असतं. नशीब की पैसे यूपीआयने दिले होते. बँकेचा उतारा आजच काढा, त्यावर तारीख, रक्कम, दुकान सगळं असतं. व्हॉट्सॲपचे मेसेज जोडाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्रही जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण समोरच्याला फट कशाला ठेवायची?

आणि खोका. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंत की खोक्यात आईने सुईदोरा ठेवलाय, आणि त्यावर पळणाऱ्या माणसाचं चित्र असून खाली ‘व्यायामासाठी, घाम आणि पाण्यापासून सुरक्षित’ असं छापलंय. अहो, तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा तो खोका आहे! सुईदोरा दुसऱ्या डब्यात काढा आणि खोका जपून ठेवा. घामातच वापरायची म्हणून विकलेल्या वस्तूला ‘ओलावा’ म्हणून वॉरंटी नाकारायची, हे कसं चालेल? मालाच्या गुणवत्तेबद्दल खोटं सांगणं ही कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमची मुख्य मांडणी यावर करा.

कंपनीचं उत्तर काय असेल, तेही सांगते. खोक्यावर आयपीएक्स-4 असं, म्हणजे पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, लिहिला असेल तर ते म्हणतील की ती चाचणी सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या साध्या पाण्याची असते, खारट घामाची नसते, आणि धो धो पावसाचीही नसते. यात तथ्य आहे. म्हणून तुम्ही पावसात पळत होता की कोरड्या दिवशी, हे खरं असेल तेच लिहा. रेडिओ प्रयोगशाळेत पाठवायची वेळ येऊ शकते, तिचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागेल. तोवर बसस्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून तो उघडून घेऊ नका. एकदा स्क्रू फिरला की ओलावा घामाचा होता की आणखी कशाचा, हे सिद्ध करणं अवघड होतं.

डोंगराच्या बाजूला वळलं की एफएम खरखरतं, हा तुमच्या पत्रातला मुद्दा मात्र तक्रारीतून काढून टाका. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, बालाघाटाचा चढ आडवा आला की अडतात. वायरच्या इअरफोनमध्ये वायरच अँटेनाचं काम करते; डोक्यावरच्या पट्ट्यात तेवढी लांबी मिळत नाही. एवढ्यावरून वस्तू सदोष ठरेल असं मला वाटत नाही, आणि तुमचा मजबूत मुद्दा उगाच पातळ होईल.

वॉरंटी कार्डावरचं ‘वाद दिल्लीच्या न्यायक्षेत्रात’ विसरा. कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे बीडच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असलं तरी त्याने तुमचा हक्क जात नाही. कंपनी, दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही पक्षकार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी शून्य आहे, वकील लावायची सक्ती नाही, ऑनलाइनही दाखल करता येतं. पण संकेतस्थळ ऐन वेळी अडकतं, म्हणून शेवटचा आठवडा गाठू नका.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. माझ्याकडे साध्या मिक्सरचं प्रकरण चौथ्या वर्षात आहे. कधी अध्यक्षाचं पद रिकामं, कधी सदस्याचं, आणि गावाहून एसटीने आलेला माणूस पुढची तारीख घेऊन परत जातो. ग्राहकाला एकेका दिवसाचा हिशेब द्यावा लागतो आणि आयोगाला वर्षंच्या वर्षं माफ, हे मला अजून पटलेलं नाही. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: समोरच्याला लेखी जबाब द्यायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जुन्या कायद्याखाली ही मर्यादा पक्की केली आणि नव्या कायद्यातही मुदत तीच आहे. 46व्या दिवशी त्यांनी वेळ मागितला तर उभं राहून हरकत घ्या आणि ती रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदवून घ्या.

नुकसानभरपाई किती मिळेल ते आज सांगता येणार नाही. रेडिओची किंमत, त्यावर व्याज आणि खर्च मागा. मानसिक त्रासापोटी लाखभर मागितलेत तर आयोग तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. मसुदा या रविवारपर्यंत लिहून काढा. सोमवारी भरतीच्या मैदानावर गेला नाहीत तरी चालेल, बीडला जा.