प्लग-कॉइल बदलूनही सीएनजी पिकअपचे मिसिंग जात नाही. आता ईसीएम बदलावा की गाडी विकावी?

चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत टिकणारा दाब, मोजल्याशिवाय ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिले आहे की प्लग नवे टाकले, कॉइल नवी टाकली, इंजेक्टर साफ करून घेतले, तरी स्कॅनरवर पी ०३०३ हाच कोड परत येतो, आणि सकाळी ठीक चालणारी गाडी तापली की उभ्या जागी थरथरते. या सगळ्या यादीत कॉम्प्रेशनचा उल्लेखही नाही आणि तेच मला खटकले. पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे (यालाच मिसिंग म्हणतात), एवढेच. ते ठिणगी कमी पडल्याने चुकते, इंधन कमी पडल्याने चुकते, की दाबच टिकत नाही, हे स्कॅनर सांगत नाही. ते माणसाने शोधायचे असते.

नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेण्यासाठी मी घेतलेली जुनी पिकअप अगदी अशीच वागत होती. पेट्रोलचे चार सिलिंडरचे इंजिन आणि आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेले गॅस किट. क्रेट भरलेली गाडी चढाला थोडी जड वाटली तरी वर जात असे, पण गॅसच्या रांगेत इंच इंच सरकताना गिअरच्या दांड्यापासून आरशापर्यंत सगळे हलू लागे. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, आणि प्रत्येक वेळी ‘आता बघा’ म्हणून गाडी ताब्यात दिली. दरम्यान आमच्या दाजींचे निदान घरबसल्या झालेले होते. त्यांची डिझेल पिकअप आहे आणि घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात ते मला ऐकवत, ‘‘तुला तेव्हाच सांगितलं होतं, गॅसची गाडी घेऊ नकोस. गॅसनं इंजिन जळतं.’’

खरे तर पहिल्या दोन चाचण्यांना पैसे लागत नाहीत. बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्यावी. मिसिंग फक्त गॅसवर असेल तर गॅसचे इंजेक्टर, फिल्टर आणि रिड्यूसर पाहावेत, किंवा ठिणगी अशक्त आहे असे समजावे, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागते आणि अशक्त कॉइल आधी तिथेच उघडी पडते. दोन्ही इंधनांवर सारखेच मिसिंग असेल तर दोष बहुधा दोघांना सामाईक असलेल्या भागात असतो. मग तिसऱ्या सिलिंडरची कॉइल आणि प्लग पहिल्याला लावावेत व पहिल्याचे तिसऱ्याला. कोड पी ०३०१ झाला तर दोष त्या सुट्या भागात आहे. तिसऱ्यावरच राहिला तर नवी कॉइल विकत घेण्यात काहीच अर्थ नाही. माझा कोड तिसऱ्यावरच राहिला.

आळेफाट्याजवळच्या एका वयस्क मिस्त्रींनी पुढचे काम केले. त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी तापलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. पट्टी बाहेर फडफडत होती, पण मधूनच एखाद्या ठोक्याला आत ओढली जात होती. हा पक्का पुरावा नव्हे, नुसता संशय. म्हणून त्यांनी सगळे प्लग काढले, मला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला सांगितले आणि गेज लावले. बाकीचे तीन सिलिंडर १७५ ते १८० पीएसआय दाबावर गेले, तिसरा ११० वर थांबला. सिलिंडरांमध्ये साधारण दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक दिसला की पुढे तपासलेच पाहिजे. मग त्यांनी तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने आकडा वर गेला असता. काटा जेमतेम हलला, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून होती. इंजिन थंड झाल्यावर टॅपेट कव्हर उघडले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यातल्या फटीत, फट मोजायच्या फिलर गेजचे सर्वांत पातळ पानही शिरेना.

गॅस कोरडा असल्याने व्हॉल्व्ह ज्यावर बसतो त्या सीटला पेट्रोलइतके संरक्षण मिळत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. मग इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी वाढली की तो पूर्ण बसतच नाही. आयडलवर गळतीला भरपूर वेळ मिळतो म्हणून मिसिंग तिथे ठळक जाणवते, आणि वेग वाढला की ते झाकले जाते. उलट प्लग-कॉइलचा दोष सहसा ओझ्याखाली, चढाला दिसतो. टॅपेट सैल केल्यावर मिसिंग लगेच कमी झाले, पण व्हॉल्व्हची कड जळलेली असल्याने शेवटी हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह बदलावे लागले.

म्हणून दाजींचे म्हणणे अर्धेच खरे आहे. गॅस सीट झिजवतो, पण इंजिन जळते ते मॅन्युअलप्रमाणे टॅपेटची फट कोणी तपासत नाही म्हणून. कंपनीतून गॅसवर येणाऱ्या गाड्यांत कडक सीट बसवलेल्या असतात. बाहेरून किट लावलेल्या जुन्या इंजिनात बहुधा नसतात. हे मी त्यांना पेन-कागद घेऊन समजावले आहे, पण ते ऐकत नाहीत.

गाडी विकायची की नाही ते आकडे हातात आल्यावर ठरवा. एकाच सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेला असेल तर हेडचे काम करून गाडी ठेवावी. चारही आकडे पडलेले असतील आणि ऑइल टाकल्यावर वर येत असतील तर संपूर्ण इंजिनच्या कामाचा खर्च आधी विचारून घ्यावा. आकडे सारखेच आले तर माझे वरचे सगळे निदान तुम्हाला लागू नाही. मग तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची आणि इंजेक्टरची वायरिंग तपासावी, आणि तेही ठीक निघाले तरच ईसीएमचा विचार करावा. माझ्या गाडीचे टॅपेट स्क्रूने बसत होते; तुमच्यात शिम (जाडीप्रमाणे बदलायच्या चकत्या) असतील तर काम महाग पडेल. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तोवर भाडे घेऊ नका, कारण न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो भाग हेडच्या कामापेक्षाही महाग पडू शकतो.