घर-भाडं-सोसायटी : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, ऐरोलीत वन आरके भाड्याने घेतलाय. भाडं १४,०००, डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी केलेला. चौथ्याच महिन्यात घरमालक काका म्हणतात, सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी वाढवली, पुढच्या महिन्यापासून १८,००० द्या नाहीतर घर सोडा. मुलगी इथल्याच शाळेत आहे. काय करू?
– एक भाडेकरू

उत्तर : आधीच सांगते, मी स्वतः घरमालकीण आहे. कळव्यातला आमचा फ्लॅट भाड्याने असतो आणि एकाने मुदत संपल्यावर दोन महिने किल्ली दिली नव्हती, तेव्हा काकांचा घोर मला कळतो. पण त्यांचा हिशेब काही पटत नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी त्याच्याकडून घेते ते पैसे. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. सेवाशुल्क अगदी २,००० धरलं तरी २०० रुपये. मग चार हजार कशाचे?

खरं कारण एजंटने त्यांच्या कानात सांगितलं असणार. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारती पुनर्विकासाला गेल्या, की तिथली बिऱ्हाडंही भाड्याचंच घर शोधत फिरतात. त्यात ऐरोलीला आयटीवाली मुलं. तिघं मिळून १८,००० सहज देतात.

आता कराराचं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत तुमचं म्हणणं धरलं जातं. हे काकांना चहा पिताना सांगा, जिन्यात उभं राहून नको. तुमच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क चारशेच्या आसपास आणि नोंदणी फी १,०००; अर्धं मी भरते म्हणा, ऑनलाइन होतं.

मात्र अकरा महिने संपल्यावर बसून राहू नका. याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं. मुलीची परीक्षा त्या तारखेच्या पुढे जात असेल तर नोंदणी करतानाच मुदत मे अखेरपर्यंतची मागा. त्याबदल्यात पाचशे-हजार वाढवून द्यायला हरकत नाही.

आणि हो, डिपॉझिट चेकने दिलंय की रोख? रोख असेल तर आधी पावती घ्या, भाडेवाढीचं बोलणं त्यानंतर.