ट्रेलर झोकांड्या खातोय, काय करू?

प्रश्न: आम्ही अ‍ॅडलेडला असतो, सुट्टीत मुलं आणि आई-बाबांना घेऊन उलुरूला (ऑस्ट्रेलियाच्या मध्यातला तो प्रचंड लाल खडक) जायचंय, मागे १४०० किलोचा कॅम्पर ट्रेलर. ट्रायलला ९० च्या पुढे गेलो की ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डुलतो. गाडी बदलू का?

उत्तर: थांबा हो दादा, गाडी नंतर, आधी सामान बघा! पाण्याचे कॅन, गॅस सिलिंडर सगळं मागच्या टोकाला कोंबलं असणार (सगळेच करतात). जड वस्तू चाकांच्या वर आणा, टो-बॉलवर (गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकवतात) साधारण १० टक्के म्हणजे १४० किलोच्या आसपास भार यायला हवा, पण गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. टायरची हवा पण चेक करा. तरी डुलला तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक, गाडीत बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरवरून, हाताने हलके लावा.

रस्ता १६०० किलोमीटरच्या आसपास, तीन दिवस तरी ठेवा. वाटेतल्या ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी या गावांमध्ये अडीचशे किलोमीटर पेट्रोल पंप नाही आणि ट्रेलरमुळे गाडी जास्तच पिते, तेव्हा टाकी फुल्ल. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, कांगारू अंधार पडला की जास्त रस्त्यावर येतात.